घटक ४ : शब्दखेळाचे एपीआय, क्लायंट लायब्ररी आणि मराठीतील अक्षरमोजणी

४.१ उद्दिष्टे

ह्या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला,
• वेब एपीआय आणि क्लायंट लायब्ररी ह्या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• शब्दखेळासाठी कोशसेवेकडे विनंती कशी जाते व उत्तर कसे येते, ह्याचा क्रम सांगता येईल.
• ध्वनी, अक्षर आणि संकेतांक ह्या तीन एककांतील फरक उदाहरणांसह दाखवता येईल.
• मराठी शब्दाची अक्षरांत विभागणी करण्याचे नियम मांडता येतील.
• मराठी शब्दखेळ रचताना भाषेच्या अभ्यासकाला कोणते निर्णय घ्यावे लागतात, हे विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीची वर्णव्यवस्था व लेखनव्यवस्था ह्यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच ज्ञानाचा उपयोग एका वेगळ्या क्षेत्रात करावयाचा आहे. भ्रमणध्वनीवर खेळले जाणारे शब्दखेळ तुमच्या परिचयाचे असतील. त्यांतील बहुतेक खेळ प्रथम इंग्रजीसाठी रचले गेले. अशा खेळाची आज्ञावली मराठीसाठी जशीच्या तशी वापरली, तर ती चालते, पण चुकीचे मोजते. खेळणाऱ्याने दिलेले बरोबर उत्तर ती चूक ठरवते आणि त्याच्या बोलीतील शब्दाला ‘असा शब्द नाही’ असे उत्तर देते.

ही चूक दुरुस्त करण्यासाठी आज्ञावली लिहिता येणे पुरेसे नाही. ‘अक्षर म्हणजे काय?’, ‘शब्दाचे मूळ रूप कोणते?’ आणि ‘कोणता शब्द ग्राह्य धरावा?’ ह्या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे द्यावी लागतात. हे प्रश्न भाषाविज्ञानाचे आहेत. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याने ह्या विषयाकडे ‘हे संगणकवाल्यांचे काम’ म्हणून पाहू नये. हा घटक अभ्यासण्यासाठी संगणक जवळ असण्याची आवश्यकता नाही. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ वेब एपीआय म्हणजे काय?

ग्रंथालयात आपण स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक शोधत नाही, तेव्हा एका चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव व आपला सभासद क्रमांक लिहून ती खिडकीवर देतो. आतील व्यवस्था कशी आहे, हे आपल्याला माहीत असावे लागत नाही. चिठ्ठी कशी लिहावी आणि तिच्या उत्तरादाखल काय मिळेल, एवढे ठरलेले असले की काम होते. वेब एपीआय ही अशीच व्यवस्था असते. एका संगणकावरील आज्ञावलीने महाजालावरून दुसऱ्या संगणकाकडे काय, कोणत्या स्वरूपात मागावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात यावे, ह्याविषयीचा ठराव म्हणजे वेब एपीआय होय.

शब्दखेळांच्या संदर्भात ‘वर्डनिक’ ह्या इंग्रजी कोशसेवेचे उदाहरण घेऊ. ह्या सेवेत ‘अमेरिकन हेरिटेज’, ‘सेंच्युरी’, ‘विक्शनरी’, ‘वर्डनेट’ अशा अनेक कोशांतील माहिती एकत्र उपलब्ध होते. तिच्या एपीआयकडे एखाद्या शब्दाच्या व्याख्या, वापराची उदाहरणे, संबंधित शब्द किंवा उच्चार मागता येतात. शब्दखेळाला विशेष उपयोगी पडतील अशाही सोयी तीत आहेत. विशिष्ट लांबीचा कोणताही एक शब्द यादृच्छिकपणे मागता येतो आणि ‘स्क्रॅबल’ ह्या खेळात एखाद्या शब्दाला किती गुण मिळतील, हेही विचारता येते.

विनंतीचे चार भाग असतात : (१) सेवेचा पत्ता, (२) काय हवे त्याचे नाव, (३) अटी आणि (४) सभासद क्रमांकासारखी एक किल्ली. अटींना तंत्रज्ञानाच्या परिभाषेत ‘प्राचल’ म्हणतात. ‘किमान लांबी ६’ व ‘कमाल लांबी ६’ ही दोन प्राचले दिली, की सहा अक्षरी इंग्रजी शब्द मिळतो. उत्तर ‘जेसन’ नावाच्या मांडणीत येते. तीत प्रत्येक माहितीला एक नाव व एक मूल्य असते. उत्तरासोबत एक संकेतक्रमांकही येतो. २०० म्हणजे विनंती सफल झाली, ४०१ म्हणजे किल्ली ग्राह्य नाही, ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सापडली नाही आणि ४२९ म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक विनंत्या पाठवल्या गेल्या.

४.३.२ क्लायंट लायब्ररीचे कार्य

प्रत्येक वेळी ही चिठ्ठी हाताने लिहिणे कष्टाचे असते आणि तीत चुका होतात. म्हणून पायथन, जावा, रूबी अशा आज्ञावलीभाषांसाठी तयार आज्ञांचा संच उपलब्ध करून दिला जातो. त्याला ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात. येथे ‘क्लायंट’ म्हणजे सेवा मागणारा पक्ष आणि ‘लायब्ररी’ म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा संग्रह. ही लायब्ररी पुढील कामे करते :

(१) विनंतीचा पत्ता योग्य क्रमाने तयार करते.
(२) किल्ली प्रत्येक विनंतीला जोडते.
(३) पत्त्यात चालत नाहीत अशी चिन्हे चालतील अशा स्वरूपात बदलते.
(४) आलेले जेसन उत्तर उलगडून आज्ञावलीला वापरता येईल अशा घटकांत मांडते.
(५) ४०४, ४२९ यांसारखे संकेत ओळखून आज्ञावलीला तशी सूचना देते.

ह्यांतील तिसरे काम मराठीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेते. पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि त्यापुढील दोन अंक-अक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘घर’ ह्या शब्दात दोन चिन्हे आहेत. म्हणजे ६ बाइट आणि पत्त्यात १८ चिन्हे झाली. हे रूपांतर लायब्ररी मुकाट्याने करते.

क्लायंट लायब्ररीच्या इतिहासात वर्डनिकला एक स्थान आहे. २०१० च्या सुमारास ह्याच कोशसेवेत काम करताना टोनी टॅम ह्यांनी ‘स्वॅगर’ ह्या प्रकल्पाचा आरंभ केला. एपीआयचे वर्णन यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक पद्धतीने लिहिले, तर त्यावरून निरनिराळ्या आज्ञावलीभाषांसाठीच्या क्लायंट लायब्रऱ्या आपोआप तयार करता येतात, ही त्यामागील कल्पना होती. २०१५ मध्ये ही वर्णनपद्धती लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील एका उपक्रमाकडे सोपवण्यात आली आणि आता ती ‘ओपनएपीआय’ ह्या नावाने ओळखली जाते. कोशाच्या गरजेतून निघालेली ही पद्धत आज कोशांपलीकडे असंख्य सेवांत वापरली जाते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लायब्ररी विनंती पोहोचवते आणि उत्तर आणून देते. ‘लांबी’ ह्या प्राचलाचा अर्थ काय, हे ती ठरवत नाही. तो अर्थ सेवा रचणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो आणि वर्डनिकच्या बाबतीत तो इंग्रजी लेखनाला अनुसरून ठरलेला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) विनंतीतील अटींना ............ म्हणतात.
(आ) ४०४ हा संकेत मागितलेली गोष्ट ............ असे सांगतो.
(इ) देवनागरीतील एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ............ बाइट घेते.

४.३.३ पहिला प्रश्न : अक्षर म्हणजे काय?

एक साधा खेळ घ्या. आज्ञावली एक शब्द मनात धरते आणि त्याच्या लांबीइतक्या रिकाम्या जागा पडद्यावर दाखवते. खेळणारा एकेक अक्षर सुचवतो. ते शब्दात असेल तर त्या त्या जागी उघडते. इंग्रजीत हा खेळ निर्वेध चालतो, कारण तेथे लांबी मोजण्याचे एकक आणि खेळणाऱ्याच्या मनातील एकक एकच असते.

आता ह्याच आज्ञावलीला ‘विद्यार्थी’ हा शब्द द्या. तुम्ही किती जागांची अपेक्षा कराल? वि, द्या, र्थी अशा तीन. आज्ञावली मात्र दहा जागा दाखवते. युनिकोड ह्या जागतिक संकेतव्यवस्थेत देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग राखलेला असून त्यातील प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याला आपण ‘संकेतांक’ म्हणू. ‘विद्यार्थी’ हा शब्द संगणकात पुढील दहा संकेतांकांनी साठवला जातो : व, ह्रस्व वेलांटी, द, पायमोड चिन्ह, य, काना, र, पायमोड चिन्ह, थ, दीर्घ वेलांटी.

ह्या यादीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ह्रस्व वेलांटी आपण व च्या डावीकडे काढतो, पण ती साठवली जाते व च्या नंतर. रफार आपण थी च्या डोक्यावर देतो, पण तो साठवला जातो थ च्या आधी. युनिकोडने लेखनातील दृश्य क्रम न घेता उच्चारणाचा क्रम घेतला आहे. मागील घटकात आपण पाहिलेल्या लेखन आणि उच्चारण ह्यांतील भेदाचे हे उत्तम उदाहरण होय.

खेळात पुढे काय होते? खेळणारा ‘वि’ सुचवतो. आज्ञावलीजवळ ‘वि’ नावाचे एक चिन्ह नाही. तिच्याजवळ व आहे आणि वेलांटी आहे. ती ‘चूक’ असे सांगते. चौथ्या आणि आठव्या जागेवर पायमोड चिन्ह आहे. त्याचा स्वतंत्र उच्चारच नसल्यामुळे ते कोणी सुचवणार नाही. म्हणून हा खेळ कोणालाही जिंकता येत नाही.

त्याच शब्दाची ध्वनींच्या आधारे मोजणी केली तर व्, इ, द्, य्, आ, र्, थ्, ई असे आठ ध्वनी मिळतात. म्हणजे एकाच शब्दाची लांबी तीन एककांनी तीन प्रकारे येते :

कमळ : अक्षरे ३, ध्वनी ५, संकेतांक ३
दुःख : अक्षरे २, संकेतांक ४
विद्यार्थी : अक्षरे ३, ध्वनी ८, संकेतांक १०

‘कमळ’ ह्या शब्दात शेवटच्या ळ मधील अ उच्चारला जात नाही, म्हणून ध्वनी पाच. ‘कमळ’सारखा बिनकान्यामात्र्याचा शब्द घेऊन आज्ञावली तपासली, तर अक्षरे आणि संकेतांक योगायोगाने जुळतात आणि दोष लक्षात येत नाही. म्हणून चाचणीसाठी नेहमी जोडाक्षर, रफार, अनुस्वार आणि विसर्ग असलेले शब्द घ्यावेत.

आज्ञावलीभाषाही एकमताने मोजत नाहीत. ‘विद्यार्थी’ची लांबी विचारली असता पायथन १० सांगते; गो ही भाषा बाइट मोजत असल्यामुळे ३० सांगते. वापरणाऱ्याला एक वाटणाऱ्या चिन्हसमूहाची व्याख्याही युनिकोडने दिलेली आहे. परंतु त्या व्याख्येनुसार पूर्वी जोडाक्षर पायमोड चिन्हापाशी तुटत असे आणि ह्या शब्दाचे वि, द्, या, र्, थी असे पाच तुकडे होत. २०२३ मधील युनिकोड १५.१ ह्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम सुधारला गेला आणि जोडाक्षर अखंड राहू लागले. जुन्या आवृत्तीवर आधारलेल्या आज्ञावली आजही पाच तुकडे करतात.

हे काम करण्याचे नियम तुम्ही स्वतः लिहू शकता. शब्दातील संकेतांक क्रमाने वाचत जावे आणि प्रत्येकासाठी पुढील नियम लावावेत :

नियम १ : स्वतंत्र स्वर आला की नवे अक्षर सुरू करावे.
नियम २ : व्यंजन आले आणि त्याच्या आधी पायमोड चिन्ह नसेल, तर नवे अक्षर सुरू करावे.
नियम ३ : व्यंजनाच्या आधी पायमोड चिन्ह असेल, तर ते व्यंजन चालू अक्षरातच मिळवावे.
नियम ४ : काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, चंद्र आणि पायमोड ही चिन्हे चालू अक्षरातच मिळवावीत.

‘विद्यार्थी’ला हे नियम लावून पाहू. व ने पहिले अक्षर सुरू झाले; वेलांटी त्यात मिळाली. द च्या आधी पायमोड नाही, म्हणून दुसरे अक्षर. त्यात पायमोड, मग नियम ३ नुसार य आणि नंतर काना मिळाला. र ने तिसरे अक्षर सुरू झाले. त्यात पायमोड, थ आणि दीर्घ वेलांटी मिळाली. तीन अक्षरे झाली.

काही शब्द नियमांना निर्णयाची जोड मागतात. ‘अर्थात्’ असे पायमोडके लिहिले, तर अ, र्था, त् अशी तीन अक्षरे होतात. शब्दकोड्यात अखेरचा त् आणि साधा त एकच मानावा काय, हे रचनाकाराने ठरवले पाहिजे.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही जोडी आणखी सूक्ष्म आहे. पहिला शब्द ‘दरी’चे अनेकवचन, दुसऱ्याचा अर्थ समुद्र. दोहोंत अक्षरे दोनच, परंतु दुसऱ्या अक्षरांतील भेद अर्थभेदक आहे आणि तो जपलाच पाहिजे. अडचण अशी, की ‘दऱ्या’तील अर्धा र संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ऱ च्या स्वतंत्र संकेतांकाने, र आणि त्याखालील नुक्ता ह्यांनी, किंवा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह ह्यांनी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन प्रकार युनिकोड समतुल्य मानते आणि प्रमाणीकरणाने ते एकरूप करता येतात. तिसरा तसा होत नाही. खेळणाऱ्याच्या कळफलकाने तिसरा प्रकार वापरला आणि कोशात पहिला असला, तर अचूक उत्तर चूक ठरेल. मराठीसाठीच्या लायब्ररीने हे तिन्ही प्रकार तुलनेपूर्वी एकत्र आणले पाहिजेत आणि तिसऱ्या प्रकारातील अदृश्य चिन्हापाशी अक्षर तुटू देता कामा नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
पुढील शब्दांतील अक्षरे आणि संकेतांक मोजा.
(अ) आई (आ) पुस्तक (इ) स्वातंत्र्य

४.३.४ खेळानुसार बदलणारे एकक

मराठीत सर्वत्र अक्षर हेच एकक वापरावे, असा निष्कर्ष वरील विवेचनावरून काढू नये. आपल्या परंपरेतील खेळच ह्याबाबत मार्गदर्शक आहेत.

मराठी वर्तमानपत्रांतील शब्दकोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर लिहिले जाते. ‘र्थी’साठी दोन चौकोन कोणी मागत नाही. येथे एकक अक्षर आहे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट सारखेच वाचता येते, तेही अक्षर हे एकक धरल्यामुळे : रा, मा, ला, भा, ला, मा, रा. संगणकाने हेच वाक्य संकेतांकांनुसार उलटवले, तर आरंभी निराधार काना येतो आणि वाक्य बिघडते. अंताक्षरीत मात्र शेवटच्या अक्षरातील केवळ व्यंजन घेण्याची रीत रूढ आहे. गाणे ‘मी’ने संपले, तर पुढील गाणे ‘म’ने सुरू करता येते. तेथे अक्षराच्या आत शिरून स्वर वेगळा काढला जातो.

सोंगट्यांच्या खेळात प्रश्न आणखी वेगळा असतो. आल्फ्रेड बट्स ह्यांनी १९३० च्या दशकात ‘स्क्रॅबल’ रचताना वर्तमानपत्रांतील अक्षरांची वारंवारता मोजून सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. इंग्रजी संचात १०० सोंगट्या असतात. सर्वाधिक वापराच्या ‘ई’ ह्या अक्षराच्या १२, तर दुर्मीळ ‘क्यू’ची एकच आणि तिला १० गुण. मराठीत प्रत्येक अक्षराची सोंगटी करावयाची म्हटले, तर ३४ व्यंजनांची बाराखडीच ४०८ सोंगट्यांची होईल, जोडाक्षरे वेगळीच. म्हणून येथे व्यंजन, स्वरचिन्ह आणि पायमोड ह्यांच्या स्वतंत्र सोंगट्यांचा विचार करावा लागतो. तेव्हा एकक संकेतांकाच्या जवळ येते. तात्पर्य, खेळाचे स्वरूप पाहून एकक निवडावे आणि निवडलेले एकक नियमांच्या रूपाने स्पष्ट लिहून ठेवावे.

४.३.५ दुसरा प्रश्न : शब्दाचे मूळ रूप कोणते?

वर्डनिकच्या एपीआयमध्ये ‘मूळ रूप वापरावे’ अशा अर्थाचे एक प्राचल आहे. ते दिले असता ‘कॅट्स’ ह्या अनेकवचनी रूपाची चौकशी केली तरी ‘कॅट’ ह्या मूळ शब्दाची माहिती मिळण्याचा प्रयत्न होतो. इंग्रजीत नामांची रूपे थोडी असतात. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, हे तुम्हांला ज्ञात आहे. घोडा–घोड्याला, ससा–सशाला, सून–सुनेला. कोशात ‘घोडा’ आहे, ‘घोड्याला’ नाही. केवळ शेवटचा प्रत्यय तोडून ‘घोड्या’ मिळतो आणि तोही कोशात नाही.

काही रूपांना एकाहून अधिक मूळ शब्द असू शकतात. ‘माळ्याने’ हे रूप ‘माळी’चेही आहे आणि ‘माळा’चेही. अशा वेळी आज्ञावलीने दोन्ही शक्यता परत कराव्यात. एक निवडून दुसरी टाकून देऊ नये. सामान्यरूपाचे नियम तुम्ही व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात अभ्यासले आहेत. ते उलट दिशेने, म्हणजे रूपाकडून मूळ शब्दाकडे, लिहिणे हे ह्या क्षेत्रातील एक महत्त्वाचे काम आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
मूळ शब्द लिहा : विहिरीत, पाण्याला, फुलांनी, गाढवावर.

४.३.६ तिसरा प्रश्न : कोणता शब्द ग्राह्य?

यादृच्छिक शब्द मागताना ‘ज्याची व्याख्या कोशात आहे असाच शब्द द्यावा’ अशी अट वर्डनिककडे घालता येते. ह्याचा अर्थ, व्याख्या नसलेले शब्दही त्या सेवेत आहेत. अशा शब्दांसाठी ती प्रत्यक्ष वापरातील वाक्ये दाखवते. ‘कोशात नाही’ आणि ‘भाषेत नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्यामागे आहे.

मराठी शब्दखेळात ही जाणीव अधिक आवश्यक ठरते. मालवणी बोलणाऱ्या मुलीने ‘चेडू’ लिहिले किंवा वऱ्हाडातील मुलाने ‘पोट्टा’ लिहिले आणि पडद्यावर ‘असा शब्द नाही’ असे उमटले, तर तो घरच्या भाषेविषयी यंत्राने दिलेला निवाडा ठरतो. लहान वयात असे निवाडे खरे मानले जातात. ४०४ ह्या संकेताचा अर्थ ‘ह्या संग्रहात सापडले नाही’ एवढाच आहे. तेव्हा पडद्यावरील वाक्यही ‘हा शब्द आमच्या संग्रहात नाही’ असेच असावे आणि खेळणाऱ्याला तो सुचवण्याची सोय असावी.

संग्रहासाठी साधनेही उपलब्ध आहेत. मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते–कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पामुळे महाजालावर शोधता येतात. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त प्रादेशिक शब्दही समाविष्ट आहेत. मात्र जुन्या कोशांतील लेखन आजच्या लेखननियमांपूर्वीचे असल्याने, सानुनासिक रूपांची आजच्या रूपांशी सांगड घालावी लागते.

४.३.७ वापरताना घ्यावयाची दक्षता

एपीआयची किल्ली दुसऱ्यास देऊ नये व आज्ञावलीच्या सार्वजनिक प्रतीत उघड लिहू नये. एकदा मिळालेले उत्तर सेवेच्या अटींत बसत असेल तर जपून ठेवावे, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवून मर्यादा ओलांडली जात नाही. ज्या कोशातून व्याख्या आली, त्याचे नाव खेळात दाखवावे. कोशकारांच्या अनेक वर्षांच्या श्रमांची ती किमान पावती होय.

४.४ सारांश

वेब एपीआय हा दोन संगणकांतील मागणी-पुरवठ्याचा ठराव असून क्लायंट लायब्ररी हा ठराव पाळण्याचे काम सुकर करते. वर्डनिकसारख्या सेवेतील ‘लांबी’, ‘मूळ रूप’ आणि ‘कोशातील व्याख्या’ ही तीन प्राचले वरकरणी तांत्रिक दिसली, तरी प्रत्येकात भाषेविषयीचा एक निर्णय दडलेला आहे. ते निर्णय इंग्रजीला अनुसरून घेतलेले असल्यामुळे मराठीसाठी ते नव्याने घ्यावे लागतात. मराठी शब्दाची लांबी ध्वनी, अक्षर आणि संकेतांक ह्या एककांनी वेगवेगळी येते. खेळानुसार एकक निवडून त्याचे नियम लिहावे लागतात. सामान्यरूपावरून मूळ शब्द शोधणे आणि बोलींतील शब्दांना स्थान देणे ही कामेही भाषेच्या अभ्यासकाचीच आहेत. हे नियम आपण लिहिले नाहीत, तर दुसऱ्या भाषेसाठी लिहिलेले नियम मराठीला लावले जातील.

४.५ पारिभाषिक शब्द

प्राचल : विनंतीसोबत दिलेली अट किंवा तिचे मूल्य.
संकेतांक : युनिकोडमध्ये एका चिन्हाला दिलेला क्रमांक.
पायमोड चिन्ह : व्यंजनातील अ चा लोप दाखवणारे चिन्ह.
प्रमाणीकरण : सारखे दिसणारे, पण वेगळ्या प्रकारे साठवलेले लेखन एकरूप करणे.
यादृच्छिक : कोणताही क्रम न ठरवता निवडलेले.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) प्राचल (आ) सापडली नाही (इ) ३
प्रश्न २ : (अ) अक्षरे २, संकेतांक २ (आ) अक्षरे ३, संकेतांक ६ (इ) अक्षरे ३, संकेतांक ११
प्रश्न ३ : विहीर, पाणी, फूल, गाढव

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) क्लायंट लायब्ररीची कार्ये सांगून ती कोणता निर्णय घेत नाही, हे सोदाहरण स्पष्ट करा.
(२) ‘मराठी शब्दाची लांबी’ ह्या विषयावर ध्वनी, अक्षर व संकेतांक ह्यांच्या आधारे टीप लिहा.
(३) एखाद्या मराठी वर्तमानपत्रातील सोडवलेले शब्दकोडे घ्या. त्यातील दहा उत्तरांना ४.३.३ मधील चार नियम लावून अक्षरे मोजा. चौकोनांची संख्या कोठे जुळत नाही आणि का, हे नोंदवा.
(४) तुमच्या परिसरातील बोलीतले दहा शब्द अर्थासह लिहा. ते उपलब्ध कोशांत आहेत काय, हे पाहा. जे नाहीत, त्यांच्या वापराचे एकेक वाक्य बोलणाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवा.